सरोवराच्या तळाचा सौदा : शिकागोच्या किनाऱ्याचे प्रकरण

16 एप्रिल 1869 या दिवशी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने एका रेल्वे कंपनीला सरोवराचा तळ देऊन टाकला. शिकागो नदीच्या मुखापासून दक्षिणेला कंपनीच्या इंजिनशेडजवळच्या एका भूखंडाच्या हद्दीपर्यंत, आणि कंपनीच्या रुळांपासून पूर्वेला पाण्यात एक मैल आतपर्यंत, मिशिगन सरोवराच्या तळावर राज्याचा जो काही हक्क होता तो इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या नावावर झाला. हजार एकरांहून जास्त जमीन, सगळी पाण्याखाली. गव्हर्नर जॉन पामर यांनी विधेयकावर नकाराधिकार वापरला होता. विधिमंडळाने तो डावलून कायदा केलाच.

पाण्याखालची जमीन घेऊन कंपनी काय करणार, असे वाटू शकते. पण त्यावर भराव टाकला की गोदी होते, गोदामे होतात, धक्के होतात. शिकागो तेव्हा धान्य, लाकूड आणि मांसाच्या व्यापारावर झपाट्याने वाढत होते आणि त्या शहराचे बंदर म्हणजे हाच पट्टा. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या जागेचा आवाका सांगताना म्हटले की लंडनच्या टेम्स नदीवरच्या सगळ्या व्यापारी गोद्यांएवढी ही जागा मोठी, लिव्हरपूलच्या नावाजलेल्या गोद्यांहून कितीतरी मोठी, मार्सेय बंदराच्या दुप्पट आणि न्यूयॉर्कच्या साऱ्या धक्क्यांच्या जवळपास बरोबरीची. मोबदला काय? सरोवराच्या त्या जागेतून कंपनीला जे ढोबळ उत्पन्न होईल त्याचे 7 टक्के राज्याला. त्याच कायद्याने किनाऱ्यावरच्या उद्यानाचा उत्तरेकडचा तुकडा तीन रेल्वे कंपन्यांना स्टेशनासाठी 8 लाख डॉलरला दिला. कंपन्यांनी 2 लाखांचा पहिला हप्ता पुढे केला, पण शहराने तो व्यवहार मान्य केला नाही. ‘भूखंडाचे श्रीखंड’ हे शब्द आपल्या राजकारणात फार नंतर आले. काम मात्र जुनेच आहे.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याचे कारण असे की किनाऱ्यावरच्या सार्वजनिक जमिनीचे काय करायचे या प्रश्नावर भारतातले न्यायालयही जो युक्तिवाद वापरते, त्याचे मूळ याच हजार एकरांत आहे. आणि दुसरे म्हणजे हे प्रकरण 1892 च्या निकालाने संपले नाही. पुढची सव्वाशे वर्षे त्याच किनाऱ्यावर नवनवे मागणारे येत राहिले. त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी चांगले घेऊन आला होता. मला या प्रकरणातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते.

नकाशावरची एक ओळ

थोडे मागे जावे लागेल. 1836 मध्ये शिकागो शहर म्हणून उभे राहायचे होते. इलिनॉय-मिशिगन कालवा खणण्यासाठी पैसे हवे होते, म्हणून कालव्याच्या आयुक्तांनी भूखंड पाडून विकायला काढले. विक्रीच्या नकाशावर त्यांनी मिशिगन अॅव्हेन्यू आणि सरोवर यांच्यामधली एक चिंचोळी पट्टी कोरी ठेवली आणि तिच्यावर लिहिले : सार्वजनिक जमीन, सर्वांची जागा, ही कायम खुली, मोकळी आणि कोणत्याही इमारतीविना वा अडथळ्याविना राहील. तिच्या उत्तरेच्या फोर्ट डिअरबॉर्नच्या जागेचा नकाशा 1839 मध्ये झाला तेव्हा त्यावरही असेच वचन लिहिले गेले.

ही ओळ कोणा आदर्शवाद्याने लिहिलेली नव्हती. समोर सरोवर कायम दिसणार म्हटल्यावर रस्त्याच्या पश्चिमेच्या भूखंडांना भाव जास्त येणार होता. वचन विकले गेले आणि लोकांनी त्याचे पैसे मोजले. म्हणूनच पुढे ते न्यायालयात टिकले. नुसत्या शोभेसाठी लिहिले असते तर कोणत्याही नगरसभेने ठराव करून पुसून टाकले असते.

पण सरोवराला नकाशा कळत नाही. दर हिवाळी वादळात लाटा किनारा खात होत्या आणि मिशिगन अॅव्हेन्यूवरच्या श्रीमंतांची घरे धोक्यात आली होती. बंधारा बांधायचा तर खर्च कोणी करायचा? कर वाढवायची कोणाचीच तयारी नव्हती. 1852 मध्ये शहराने इलिनॉय सेंट्रलशी तोडगा काढला. कंपनीने स्वतःच्या खर्चाने पाण्यात बंधारा घालायचा आणि त्या बदल्यात किनाऱ्यापासून आत सरोवरात 300 फूट रुंदीच्या पट्ट्यातून तिचे रूळ शहरात येऊ द्यायचे. रूळ लाकडी पुलावरून पाण्यातून आले. रूळ आणि किनारा यांच्यामध्ये एक शांत डबके उरले.

1871 च्या ऑक्टोबरमध्ये शिकागो जळाले. तीन दिवसांची ती आग विझल्यावर जळक्या विटा, दगड, राख, मोडके सामान, सारे कुठे टाकायचे? त्या डबक्यात. आज ज्याला ग्रँट पार्क म्हणतात त्याच्या पश्चिमेकडच्या भागाखाली जळून गेलेले शहर आहे. आणि भरावाने तयार झालेली ही नवी जमीन कोणाची, हा प्रश्न तिथूनच पेटला. बंधाऱ्यासाठी परक्याच्या खिशात हात घालण्याची ती सोयीची युक्ती शहराला पुढे किती महागात पडली, ते या एका व्यवहारावरून दिसते. पैसे वाचवण्यासाठी दिलेली वहिवाट पुढे मालकीच्या दाव्याचा पाया झाली.

1892 चा निकाल

1869 च्या कायद्यावर लोकांत संताप होता. चार वर्षांत हवा पालटली. मालवाहतुकीच्या दरांमुळे शेतकरी रेल्वे कंपन्यांवर खवळलेले होते आणि 15 एप्रिल 1873 ला नव्या विधिमंडळाने तो कायदा रद्द केला. कंपनीचे म्हणणे साधे आणि वजनदार होते : दिलेले दान परत घेता येत नाही, हा करार आहे आणि करार मोडायला राज्यघटनेची मनाई आहे. 1883 मध्ये राज्याने दावा लावला. 5 डिसेंबर 1892 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला.

खंडपीठावर सातच न्यायमूर्ती बसले. सरन्यायाधीश फुलर पूर्वी याच वादात शिकागो शहराचे वकील होते, तर न्यायमूर्ती ब्लॅचफर्ड यांच्याकडे कंपनीचे शेअर होते. दोघेही बाजूला झाले. निकाल चार विरुद्ध तीन असा लागला. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर शिकागोचा किनारा आज एका कंपनीचा असता.

बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी. ते खाजगी मालमत्तेचे कडवे कैवारी म्हणून ओळखले जात; कंपन्यांच्या बाजूने त्यांनी कितीतरी निकाल दिले होते. त्यांनीच इथे लिहिले की नौकानयनाचे पाणी आणि त्याखालची जमीन राज्याकडे असते ती मालक म्हणून नव्हे, जनतेची विश्वस्त म्हणून. लोकांना त्या पाण्यावरून ये-जा करता यावी, व्यापार करता यावा, मासेमारी करता यावी, यासाठी ती जमीन राज्याच्या ताब्यात असते. एखादा धक्का बांधायला जागा देणे वेगळे. त्याने बंदराचा उपयोग वाढतो. पण सगळे बंदरच कोणाच्या हवाली करून राज्याने अंग काढून घेणे वेगळे. पोलिसी अधिकार जसा राज्य कोणाला विकू शकत नाही, तशीच ही विश्वस्ताची जबाबदारीही सोडू शकत नाही. असे दान मुळातच पोकळ, नाहीतर मागे घेता येण्याजोगे तरी असते.

आपल्याकडच्या गायरानाचा विचार केला की हे पटकन समजते. सातबारा सरकारच्या नावाने असला म्हणून तहसीलदाराला ते विकून मोकळे होता येत नाही. नाव सरकारचे, पण जागा ज्यांच्या गुरांसाठी राखली ते गावकरी.

विरोधी मत देणाऱ्या तिघांचे म्हणणेही सोडून देण्यासारखे नाही. न्यायमूर्ती शिरास यांनी लिहिले की राज्याने डोळे उघडे ठेवून करार केला आहे. आता जागा परत हवी असेल तर भरपाई देऊन घ्यावी. हे म्हणणे तर्काला धरून आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की एका अधिवेशनातल्या बहुमताने गमावलेला किनारा सोडवायला पुढच्या सगळ्या पिढ्यांनी बाजारभाव मोजायचा. फील्ड यांचा निकाल मला बरोबर वाटतो तो नेमका याच जागी. पुढच्या पिढीचे प्रतिनिधी सभागृहात नसतात, म्हणून सभागृहाच्या हाताला कुठेतरी मर्यादा हवी.

1869 च्या कायद्यामागे लाच होती, ही कुजबुज तेव्हापासून आहे. निकाल मात्र लाचेवर उभा नाही, आणि हे फार बरे झाले. लाच हा आधार धरला असता तर पुढच्या प्रामाणिक विधिमंडळाला किनारा विकायला मोकळीक मिळाली असती. प्रश्न माणसांच्या सचोटीचा राहिला नाही, अधिकाराचा झाला.

कंपनी सगळेच हरली, असेही नाही. तिचे रूळ राहिले. किनाऱ्याला लागून तिने जी जमीन व धक्के आधीच भरून केले होते, तेही बहुतांशी राहिले. रँडॉल्फ रस्त्याच्या उत्तरेची ती जागा पुढे बांधकामासाठी खुली झाली. 1955 मध्ये तिथे रुळांच्या वर प्रुडेन्शियल इमारत उभी राहिली, नंतर इलिनॉय सेंटर आले, मग लेकशोर ईस्ट. आज रँडॉल्फ रस्त्यावर उभे राहिले तर दक्षिणेला मोकळे उद्यान आणि उत्तरेला काचेच्या मनोऱ्यांची दाटी दिसते. निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, याचा नमुना तिथेच समोर आहे.

वॉर्ड यांची वीस वर्षे

तळ वाचला, पण किनाऱ्यावरच्या उद्यानाचे काय? ते उद्यान तेव्हा नावालाच उद्यान होते. शेड, तबेले, कचऱ्याचे ढीग, रेल्वेचे डबे आणि भंगार. टपालाने माल विकणाऱ्या दुकानामुळे देशभर माहीत झालेले माँटगोमेरी वॉर्ड यांची इमारत मिशिगन अॅव्हेन्यूवर, या उकिरड्यासमोर होती. 1890 मध्ये त्यांनी शहरावर दावा लावला. त्यांचा आधार विश्वस्त तत्त्वाचा नव्हता. तो 1836 च्या नकाशाचा होता : माझा भूखंड त्या वचनासह विकला गेला आहे, म्हणून समोर इमारत होऊ न देण्याचा मला हक्क आहे.

इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात हा वाद एकदा नव्हे, चारदा गेला, 1897 पासून 1910-11 पर्यंत. प्रत्येक वेळी वॉर्ड जिंकले. सुरुवातीला त्यांची बाजू लोकांना पटत होती, कारण शेड आणि कचरा कोणालाच नको होता. मग व्यापारी मार्शल फील्ड यांनी मृत्युपत्रात निसर्ग-संग्रहालयासाठी 80 लाख डॉलर ठेवले. अट अशी की सहा वर्षांत फुकट जागा मिळाली पाहिजे. जागा ठरली ग्रँट पार्कच्या मध्यावर. वॉर्ड यांनी तिलाही विरोध केला आणि सारे शहर त्यांच्यावर उलटले. वर्तमानपत्रांनी त्यांना शहराच्या प्रगतीतला काटा ठरवले. संग्रहालयाला नको म्हणणारा माणूस कोणाला आवडेल? 1909 मध्ये त्यांनी एका वार्ताहराजवळ बोलून दाखवले की लोकांसाठी, लोकांच्याच इच्छेविरुद्ध, उद्यान राखायला इतकी वर्षे जातील हे ठाऊक असते तर आपण यात पडलो असतो की नाही शंकाच आहे.

संग्रहालय झालेच. दक्षिणेला, वचनाच्या हद्दीबाहेर, भरावाच्या जमिनीवर, 1921 मध्ये ते उघडले. आजही ते तिथे दिमाखात उभे आहे आणि ग्रँट पार्कही मोकळे आहे. जागा नाकारली की प्रकल्प मरतो, ही धमकी प्रत्येक वेळी दिली जाते. इथे ती खोटी ठरली. उद्यानात इमारत आहे ती आर्ट इन्स्टिट्यूटची, कारण समोरच्या मालकांनी तिला संमती दिली होती. वॉर्ड यांच्या निकालांचा दरारा असा की 2004 मध्ये मिलेनियम पार्कमधला संगीताचा भव्य मंडप इमारत नव्हे, तर कलाकृती म्हणून धरावा लागला, तेव्हा कुठे उंचीची अडचण सुटली.

या लढ्याची एक दुबळी बाजू आहे. वॉर्ड जिंकले कारण ते समोरचे जमीनमालक होते आणि वीस वर्षे वकील पोसण्याइतके श्रीमंत होते. ज्या वस्तीसमोर नकाशावर ओळ लिहिलेली नाही, ज्या वस्तीत लक्षाधीश नाही, तिथे कोण उभे राहणार?

दार उघडले ते हरलेल्या खटल्याने

शहरातल्या वॉशिंग्टन पार्क आणि डग्लस पार्क या उद्यानांचा काही भाग शाळांसाठी द्यायचे ठरले. रहिवासी न्यायालयात गेले. तोपर्यंत इलिनॉयमध्ये सामान्य नागरिकाला असा दावाच लावता येत नसे. ते काम सरकारी वकिलाचे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये पेप्के खटल्यात शाळांना परवानगी दिली, म्हणजे रहिवासी हरले. पण त्याच निकालात न्यायालयाने म्हटले की जनता विश्वस्त तत्त्वाची लाभधारक असेल तर ते तत्त्व अमलात आणायला न्यायालयात येण्याचा हक्क करदात्यांना असलाच पाहिजे, नाहीतर तत्त्वाला अर्थ नाही. माझ्या मते 1892 नंतर या प्रकरणातला हा सर्वात मोलाचा क्षण आहे, आणि बहुतेक लिखाणात तो एका ओळीत उरकला जातो. विश्वस्त चुकला तर त्याला जाब विचारणारा कोण, हे ठरल्याशिवाय विश्वस्ताला काही अर्थ नसतो.

लवकरच त्याची कसोटी लागली. विधिमंडळाने 1963 मध्ये कायदा करून सरोवराचा 194.6 एकर तळ पोलाद कारखान्याच्या विस्तारासाठी यू.एस. स्टील कंपनीला द्यायचे ठरवले होते, एकरी 100 डॉलर दराने. एकूण किंमत 19,460 डॉलर. कारण दिले ते रोजगाराचे. 1976 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. रोजगार वाढणे, धंदा वाढणे हे फायदे खरे असले तरी ते आडवाटेने येणारे, आणि खाजगी कंपनीला जागा देण्याचे समर्थन त्यावर होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो कारखाना 1992 मध्ये बंद झाला. हजारो कामगारांचा रोजगार गेला, वस्ती उजाड झाली. ते दुःख मोठे आहे आणि मी त्याचा वापर ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो’ म्हणायला करणार नाही. एवढेच खरे की सरोवराचा तळ दिला असता तर तोही त्या बंद फाटकाच्या आत गेला असता.

विद्यापीठ, मग संग्रहालय

1988 चे उदाहरण अधिक अवघड आहे. लोयोला विद्यापीठाला किनाऱ्यावर जागा अपुरी पडत होती. विधिमंडळाने सरोवराचा सुमारे 18.5 एकर तळ विद्यापीठाला दिला. विद्यापीठाने भराव टाकून खेळाची मैदाने करायची, किनारा धुपण्यापासून वाचवायचा आणि जनतेसाठी सायकलमार्ग व हिरवळ खुली ठेवायची. पाण्याजवळ जायला आधी जिथे वाट नव्हती तिथे वाट होणार होती. शिक्षणसंस्था, नफा नाही, जनतेला सोय. यात वाईट काय?

लेक मिशिगन फेडरेशन या संस्थेने दावा लावला. 1990 मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश मार्विन अॅस्पेन यांनी भराव थांबवला. जनतेला फिरायला मिळेल हे खरे, पण मालकी विद्यापीठाची होणार, म्हणजे जनता तिथे विद्यापीठाच्या मर्जीवर. विधिमंडळाने जनहिताचे शिक्कामोर्तब केले म्हणून न्यायालयाला गप्प बसता येत नाही. विधिमंडळावर नजर ठेवणे हाच तर या तत्त्वाचा हेतू. न्यायाधीशांनी हे सार्वजनिक मालमत्तेचे उघड दान आहे, असे स्पष्ट लिहिले. विद्यापीठाने बेत सोडून दिला.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचायला सुचवतो. आपल्याकडे ‘जनतेला प्रवेश मिळणार आहे’ या वाक्याने चर्चा संपते. इथे ती तिथून सुरू झाली : प्रवेश कोणाच्या परवानगीने? परवानगी कोण काढून घेऊ शकते? पन्नास वर्षांनी?

2014 मध्ये चित्रपट दिग्दर्शक जॉर्ज लुकास शिकागोला आले. त्यांच्या संग्रहालयाला सॅन फ्रान्सिस्कोत जागा नाकारली गेली होती. महापौर रॅम इमॅन्युएल यांनी सोल्जर फील्ड स्टेडियमच्या दक्षिणेला सुमारे 17 एकर जागा देऊ केली. बांधकामाचा खर्च लुकास यांचा. जागा 99 वर्षांच्या पट्ट्याने, नाममात्र 10 डॉलरला. ती जागा म्हणजे वाहनतळ होता, डांबराचे मैदान. बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे ऐकून कोणीही मान डोलवेल : गाड्या उभ्या करण्यापेक्षा संग्रहालय बरे. पण तो वाहनतळ भरावावर आहे, म्हणजे एकेकाळी सरोवराचा तळ. फ्रेंड्स ऑफ द पार्क्स या नागरी संस्थेने नोव्हेंबर 2014 मध्ये दावा लावला. न्यायाधीश जॉन डॅरा यांनी तो 2015 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये फेटाळायला नकार दिला. अंतिम निकाल लागलाच नाही. जून 2016 मध्ये लुकास यांनी माघार घेतली आणि संग्रहालय लॉस एंजेलिसला गेले.

शिकागोत त्या संस्थेवर टीकेची झोड उठली. ती टीका पोकळ नव्हती. दक्षिण शिकागोच्या मुलांना एक मोठे संग्रहालय घराजवळ मिळाले असते. ते गेले, आणि डांबर तसेच राहिले. तरीही मी संस्थेच्या बाजूचा आहे. डांबर उखडून उद्यान करायला एक अर्थसंकल्प पुरतो. 99 वर्षांचा पट्टा मोडायला नातवंडे जन्मावी लागतात. जागेवर आज काय आहे यावरून तिची किंमत केली की सगळीच पडीक जागा देण्याजोगी वाटते. आणि सार्वजनिक जागा पडीक ठेवणे हे तर विश्वस्ताच्याच हातात असते.

या तत्त्वाच्या मर्यादाही याच शहरात दिसल्या. सोल्जर फील्डच्या नूतनीकरणाला 2003 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, कारण मालकी सार्वजनिकच राहणार होती. माजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या केंद्राला शहराच्या दक्षिणेकडच्या जॅक्सन पार्कमध्ये 19.3 एकर जागा मिळाली तेव्हा विरोधकांनी पुन्हा हाच आधार घेतला, पण ती जागा सरोवराचा तळ नव्हती. 2020 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयात ते हरले. आणि आजही शहराच्या सुमारे 30 मैलांच्या किनाऱ्यातला जवळजवळ 4 मैलांचा भाग सलग सार्वजनिक झालेला नाही. 1968 मध्ये लेक पॉइंट टॉवर नावाची एकच निवासी गगनचुंबी इमारत लेक शोअर ड्राइव्हच्या सरोवराकडच्या बाजूला उभी राहिली. तिच्यावरून एवढा गहजब झाला की 1973 च्या अध्यादेशाने त्या रस्त्याच्या पूर्वेला नव्या खाजगी बांधकामाला बंदीच घातली.

बियास, वायंगिणी आणि वरळी

डिसेंबर 1996 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ हा निकाल दिला. कुल्लू-मनाली भागात बियास नदीकाठची वनजमीन एका मोटेल कंपनीला पट्ट्याने दिली होती आणि कंपनीने नदीचा प्रवाहच वळवण्याचा उद्योग केला होता. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी पट्टा रद्द केला आणि विश्वस्त तत्त्व आपल्या कायद्याचा भाग आहे, असे जाहीर केले. ते सांगताना त्यांनी ज्या निकालांचा आधार घेतला त्यांत 1892 चा इलिनॉय सेंट्रलचा निकाल होता.

गोव्यात दोनापावलाजवळ वायंगिणीचा किनारा आहे. तिथल्या एका मोठ्या हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादित करून कंपनीला दिली होती. 1983 च्या करारात किनाऱ्यावर जाण्याची लोकांची वाट खुली ठेवण्याची अट होती. वाट अडली आणि वाद उभा राहिला. 2000 मध्ये उच्च न्यायालयाने कंपनीच्या विरोधात निकाल दिला आणि जानेवारी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोमेंतो विरुद्ध मिंगेल मार्तिन्स या निकालात तो कायम केला, विश्वस्त तत्त्वाचाच दाखला देऊन. शिकागोहून निघालेला युक्तिवाद वायंगिणीच्या वाटेपर्यंत पोहोचला होता.

पण त्याच वर्षी गोवा विधानसभेने भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि अशा बांधकामाला आधार दिला. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेने तिला आव्हान दिले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. अॅस्पेन यांनी ज्या विधिमंडळावर नजर ठेवायची म्हटले होते, तेच इथे शेवटचा शब्द बोलून गेले. मला हे खटकते. विश्वस्त तत्त्व सरकारी खात्यावर चालते आणि कायदेमंडळावर चालत नाही, असे झाले तर 1869 चा कायदाही भारतात तग धरेल.

मुंबईला हा प्रश्न परका नाही. अर्धे शहर भरावावर आहे. वरळीपासून मरीन ड्राइव्हपर्यंतच्या किनारा मार्गासाठी सुमारे 111 हेक्टर समुद्र बुजवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या आदेशात या भरावाच्या जमिनीचा निवासी वा व्यापारी वापर आज किंवा पुढे कधीही करता येणार नाही, अशी अट घातली. मोकळ्या जागा, बागा, फिरायचे मार्ग चालतील. ही अट चांगली आहे, पण ती एका आदेशात आहे. शिकागोची ओळ विक्रीच्या नकाशावर होती, म्हणून प्रत्येक भूखंडाच्या मालकाला ती दाखवून न्यायालयात जाता आले. मुंबईची अट विकास आराखड्यात, जमिनीच्या नोंदीत आणि बागांची देखभाल ज्या कोणाला दिली जाईल त्याच्या करारात शब्दशः उतरवून घेतली पाहिजे. करार किती वर्षांचा, रात्री फाटक कोण लावणार, कार्यक्रमासाठी जागा भाड्याने देता येणार का, नागरिकाला थेट तक्रार करता येणार का, हे सारे त्या कागदांत असायला हवे. वरळी, हाजी अली आणि ब्रीच कँडीच्या रहिवासी मंडळांनी आणि तिथल्या कोळीवाड्यांनी माहितीच्या अधिकारात हे कागद आत्ताच मागवावेत. कोणीतरी एखाद्या सुंदर संग्रहालयाचा प्रस्ताव घेऊन येईल, त्याआधी.